पहिले साठ फूट: ऑटोमॅटिक गाडीच्या लाँचची पार्श्वभूमी

जळगावच्या इच्छादेवी चौकात सिग्नल सुटतो. पुढे महागडी ऑटोमॅटिक, मागे रिक्षा. गाडीवाल्याने एक्सलेटर दाबलाय, पण अर्धा सेकंद काहीच घडत नाही. तेवढ्यात शेजारची मोटारसायकल चौक पार करून जाते आणि रिक्षावाला मान बाहेर काढून विचारतो, "काय भो, गाडी इचार करी राहिनी का?"

रिक्षावाल्याने थट्टा केली, पण नेमक्या दुखण्यावर बोट ठेवलं. ऑटोमॅटिक गाडीला जागेवरून झटक्यात उठवायचं कसं (यालाच 'लाँच' म्हणतात), हा प्रश्न ड्रॅग रेसिंगमध्ये, म्हणजे उभ्या गाड्या सोडून सरळ पट्टीवर लावायच्या शर्यतीत, सत्तर वर्षं चघळला जातोय. आज बटण दाबून होणारं 'लाँच कंट्रोल' हे त्याचं ताजं उत्तर. आधीची उत्तरं माहीत नसली की हे बटण जादूचं वाटतं.

या शर्यतीचं अंतर पाव मैलाचं, म्हणजे १,३२० फूट किंवा ४०२ मीटर. हे माप घोड्यांकडून आलं. अमेरिकेत पाव मैल पळणाऱ्या घोड्यांची 'क्वार्टर हॉर्स' ही जातच आहे. मोटारींचं वेड आधी कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर होतं. १९५० मध्ये सी. जे. हार्ट यांनी सांता आना इथल्या विमानतळाच्या वापरात नसलेल्या धावपट्टीवर तिकीट लावून शर्यती सुरू केल्या, आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी एनएचआरए ही ड्रॅग शर्यतींची संघटना काढली. सुरुवातीला एक माणूस झेंडा हलवून गाड्या सोडायचा. १९६३ मध्ये दिव्यांचा खांब आला, त्याला 'ख्रिसमस ट्री' म्हणतात.

इथे एक बारकावा आहे, तो नवख्यांना हमखास चकवतो. गाडीची वेळ मोजणारं घड्याळ हिरव्या दिव्याला सुरू होत नाही. पुढचं चाक रेषेवरच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडलं की सुरू होतं. म्हणजे तुम्ही दिव्यानंतर दोन सेकंद झोपलात तरी कागदावरची वेळ बिघडत नाही, शर्यत मात्र हातची जाते. वेळ बिघडते ती चाक हलल्यानंतर गाडी गुदमरली तर. म्हणून जाणकार आधी पहिल्या साठ फुटांचा आकडा बघतो. तिथे वाचवलेला सेकंदाचा एक दशांश शेवटी दीड-दोन दशांश होऊन हाती येतो, असा स्ट्रिपवरचा, म्हणजे शर्यतीच्या पट्टीवरचा, ठोकताळा आहे.

आता गाडी 'इचार' का करते ते. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. दुसऱ्याची पाती आधी नुसती थरथरतात, मग हळूहळू फिरायला लागतात. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरच्या पेटीच्या मधे टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्यात हेच होतं, फक्त हवेच्या जागी तेल. ही कल्पना जर्मनीच्या हेर्मान फ्योटिंगर यांची, पेटंट १९०५ चं, आणि तीही मोटारीसाठी नव्हे, जहाजांसाठी. दोन पंख्यांच्या मधे तिसरं चाक असतं, ते परतणारं तेल वळवून पुन्हा कामाला लावतं. त्यामुळे गाडी उभी असताना इंजिनाचा जोर चाकांकडे जाताना सुमारे दुप्पट होतो. ऑटोमॅटिकला आळशी म्हणणाऱ्यांना हे सहसा माहीत नसतं: उठण्याच्या क्षणी तिच्याकडे मॅन्युअलपेक्षा जास्त ताकद असते. अडचण एवढीच, की ती मिळण्याआधी इंजिनाचे फेरे चढावे लागतात. पाती ज्या फेऱ्यांवर तेल रेटून धरतात त्याला 'स्टॉल' म्हणतात. साध्या गाडीत तो मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास असतो.

पहिली यशस्वी ऑटोमॅटिक मात्र कन्व्हर्टरवाली नव्हती. जनरल मोटर्सची हायड्रामॅटिक १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमध्ये आली. तिच्यात साधं तेलाचं कपलिंग होतं, म्हणजे मधलं तिसरं चाक नसलेले दोन पंखे, पण गिअर चार. हीच पेटी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांत बसली. रणगाडा ओढणारी पेटी सहजी मोडत नाही, हे पोरांच्या लक्षात आलं. १९५३ मध्ये सुरू झालेल्या बी अँड एम या दुकानाने ती घट्ट करून शर्यतीसाठी विकायला सुरुवात केली.

तरीही स्ट्रिपवर ऑटोमॅटिकला हसणारे होतेच. ते हसू १९६२ पासून आटलं. ४१३ घन इंचांच्या इंजिनाच्या डॉज आणि प्लिमथ गाड्या डॅशबोर्डवरची बटणं दाबून गिअर बदलायच्या, आणि क्लच मारणारे चालक गिअर चुकत असताना या गाड्या प्रत्येक फेरीत जवळपास तीच वेळ काढायच्या. माझ्या मते ऑटोमॅटिकने स्ट्रिप जिंकली ती वेगाने नाही, या एकसारखेपणाने. पुढे 'ब्रॅकेट' शर्यती आल्या. त्यांत आपली वेळ आधी जाहीर करायची आणि तिच्याजवळ राहायचं. तिथे तर एकसारखेपणाच पैसा देतो. १९५० ची दोन गिअरची पॉवरग्लाइड पेटी शोरूममधून १९७३ ला गेली, पण ड्रॅगवाले ती अजून वापरतात.

लाँचच्या युक्त्याही याच काळातल्या. पहिली, डाव्या पायाने ब्रेक आणि उजव्याने रेस. आमच्याकडे विदर्भाच्या अंगाला शंकरपट भरतो. तिथे निकाल सेकंदाच्या अपूर्णांकावर लागतो, आणि जोडी सुटण्याआधी बैलांना रेषेवर धरणारा माणूस अर्धी शर्यत खेळत असतो. सैल धरलं तर बैल आधीच निसटतात, जास्त वेळ दाबून धरलं तर त्यांचा दम तिथेच जातो. ब्रेकवर धरलेल्या गाडीचं तसंच. मागचे ब्रेक इंजिनापुढे हरले की गाडी रेषेवरून सरकते. दुसरी युक्ती कन्व्हर्टर बदलण्याची: स्टॉल तीन-चार हजारांवर न्यायचा, म्हणजे गाडी सुटताना इंजिन आधीच ताकदीच्या पट्ट्यात असतं. तेच कन्व्हर्टर धुळे रस्त्यावर रोज चालवा, तेल तापतं आणि पेट्रोल पितं. तिसरी युक्ती ट्रान्सब्रेक. पेटीत पुढचा आणि उलटा गिअर एकदम लागतात, गाडी जागच्या जागी कुलूपबंद होते. बटण सोडलं की उलटा सुटतो आणि गाडी उसळते.

धरून ठेवण्याची किंमत तेल मोजतं. गाडी उभी आणि इंजिन शंभर अश्वशक्ती देतंय, म्हणजे ७५ किलोवॅट. चाक फिरत नाही, तर ती सगळी शक्ती उष्णता होऊन तेलात उतरते. कन्व्हर्टरमधलं चार-पाच लिटर तेल धरलं तर ढोबळ हिशेबाने सेकंदाला आठ-दहा अंश. म्हणून दोन-तीन सेकंदांच्या वर धरायचं नसतं. जळगावच्या एका गॅरेजात मी अशा हौशी गाडीचं तेल सोडताना पाहिलंय. नवं असतं तेव्हा डाळिंबाच्या रसासारखं लाल. ट्रेमध्ये पडलं ते काकवीसारखं काळपट. मिस्तरीने बोट बुडवून नाकाशी नेलं, मालकाकडे पाहिलं, आणि काही न बोलता हात फडक्याला पुसला.

यानंतरचा टप्पा क्लचकडे परतण्याचा आहे, पण पायाने दाबायच्या क्लचकडे नाही. पोर्शने दोन क्लचची पीडीके पेटी १९८० च्या दशकातच ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांत चालवून पाहिली होती. रस्त्यावर ही पद्धत आणली ती फोक्सवागनने, २००३ च्या गोल्फ आर३२ मधल्या डीएसजीने. एका क्लचवर १, ३, ५ आणि दुसऱ्यावर २, ४, ६. पुढचा गिअर आधीच लागलेला, फक्त क्लच अदलाबदल. इथे जोर दुप्पट करणारं तेल नाही, म्हणून सुटताना क्लच किती घसरू द्यायचा हे संगणक ठरवतो. फॉर्म्युला वनने अशा मदती १९९४ ला बंद केल्या, २००१ ला पुन्हा दिल्या, २००४ ला पुन्हा काढल्या. रस्त्यावर मात्र त्या टिकल्या. २००७ च्या निस्सान जीटी-आरमध्ये लाँच कंट्रोल होता, आणि त्याच्या वापरावरून अमेरिकेत वॉरंटीचा वाद इतका पेटला की पुढे सॉफ्टवेअर बदलावं लागलं.

आपल्याकडे सरळ पट्टीचा शौक जुना आहे. मद्रासजवळच्या शोलावरमला युद्धकाळातल्या धावपट्टीवर मोटारी पळायच्या. अलीकडे लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगचे कार्यक्रम झाले. खान्देशातल्या पोरांना तिकडेच जावं लागतं, कारण सुरत-नागपूर महामार्गावर असलं काही केलं तर रस्त्यावरच्या शर्यतींना मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे. २०१७ ला आलेल्या ऑक्टाव्हिया आरएसनंतर डीएसजी आणि लाँच हे शब्द इथल्या पोरांच्या तोंडी बसले. त्या पेटीचे क्लच तेलात बुडालेले. छोट्या गाड्यांतली सात गिअरची डीएसजी कोरड्या क्लचची असते, तिच्यावर हे प्रयोग करू नयेत. एएमटीवर, म्हणजे मॅन्युअल पेटीचाच क्लच आणि गिअर यंत्राने हलवणाऱ्या स्वस्त ऑटोमॅटिकवर, तर मुळीच नाही. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांत ब्रेक आणि एक्सलेटर एकदम दाबले की संगणक रेसच कापतो, त्यामुळे डाव्या पायाची जुनी युक्ती तिथे मातीत जाते.

कन्व्हर्टर संपला असं वाटत असतानाच २०१८ च्या मॉडेलची डॉज डीमन आली: आठ गिअर, टॉर्क कन्व्हर्टर, आणि कारखान्यातूनच बसवलेला ट्रान्सब्रेक. पाव मैल ९.६५ सेकंदांत. पण भुसावळच्या माणसाने तिची वेगळीच गोष्ट लक्षात ठेवावी. हवा २० अंशांवरून ४५ वर गेली की सुमारे आठ टक्क्यांनी विरळ होते, आणि इंजिनाची ताकद तेवढी घटते. डीमनमध्ये एसीचा गारवा माणसांकडून काढून इंजिनात जाणाऱ्या हवेकडे वळवतात. मे महिन्यात आमच्याकडे हे बटण दाबायला कोणी तयार होईल असं वाटत नाही.