आतड्याचा टीबी की क्रोन्स? एका जुन्या पेचाची पार्श्वभूमी

स्कॉटलंडमधल्या एका शल्यचिकित्सकाने १९१३ मध्ये आतड्याच्या जाड झालेल्या भागांचे वर्णन केले, तेव्हा त्याला ते गुरांना होणाऱ्या क्षयसदृश आजारासारखे वाटले. क्षयाचे जंतू मात्र त्यात नव्हते. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन डॉक्टरांनी १४ रुग्णांच्या आधारे हा स्वतंत्र आजार असल्याचे मांडले. आतड्याला जुनाट सूज आणि व्रण आणणारा हाच आजार, त्यांतल्या डॉ. क्रोन यांच्या नावावरून ‘क्रोन्स’. भारतात मात्र क्रोन्स हा पाश्चात्त्यांचा आजार, असेच पुढे कित्येक वर्षे मानले गेले. लहान आणि मोठे आतडे जुळते तिथे व्रण दिसला की टीबी, आणि शौचातून रक्त-शेम पडली की आव किंवा मूळव्याध, अशी सरळ वाटणी होती. दुर्बिणीची तपासणी जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचली तेव्हा ही वाटणी डळमळू लागली.

पेच खरा आहे. दोन्ही आजारांत ताप, पोटदुखी, वजन घटणे, आतडे अरुंद होणे हे सारे असते. आडवे व्रण, पोटात पाणी, छातीच्या एक्स-रेत डाग असेल तर कल टीबीकडे. लांबट उभे व्रण आणि गुदद्वाराजवळचे भगंदर असेल तर क्रोन्सकडे. तुकडा तपासायला पाठवला तरी टीबीचे जंतू बऱ्याचदा हाती लागत नाहीत, जीन-एक्स्पर्ट या जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीतही नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे टीबी नाही, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

यातूनच टीबीची औषधे देऊन पाहण्याची प्रथा रुजली. ज्या देशात टीबी घरोघरी आहे तिथे ती समजण्यासारखी होती: टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले तर आजार पसरतो, आणि ही चूक जिवावर बेतते. वाद औषधे सुरू करण्याबद्दल कमी आणि थांबायचे कधी याबद्दल जास्त आहे. क्रोन्सच्या काही रुग्णांनाही या गोळ्यांवर थोडे बरे वाटते. ‘भूक लागतेय, ताप गेला’ असे रुग्ण सांगतो, मग सहा महिने पुरे होतात, कधी नऊ. (आतड्याच्या टीबीला सहा महिने पुरतात, हे भारतातल्याच चाचणीत दिसले आहे.) २०१२ पासून टीबीची नोंद सक्तीची झाल्यावर संशयितही सरकारी वहीत टीबीचा रुग्ण म्हणून चढतो, आणि एकदा चढलेले निदान खोडायला कुणी सहज धजत नाही. तोवर क्रोन्सचे आतडे आतून जखमा भरता-भरता आवळत जाते. अशा चुकीच्या कोर्सनंतर आतडे अरुंद होण्याचे प्रमाण वाढते, असे दिल्लीतल्या एका अभ्यासाने २०१८ च्या सुमारास दाखवले. टीबीची औषधे सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का ते पाहावे, हा उपाय आता बहुतेकांना मान्य आहे. टीबी असेल तर व्रण एवढ्यात स्पष्टपणे भरतात. अडचण पैशाची आणि पुन्हा पोट साफ करायच्या औषधाची. ‘बरे वाटतेय ना, मग कशाला?’ हा प्रश्न घरचेही विचारतात. माझ्या मते ही दुसरी तपासणी टाळणे हीच सगळ्यात महागडी काटकसर आहे.

क्रोन्ससारख्या आतड्याच्या आजारांच्या पोटाबाहेरच्या खुणांकडे तर आणखी उशिरा लक्ष गेले. १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये संधिवातासाठी आणलेल्या सल्फासालाझीन या औषधाने कोलायटिसही (मोठ्या आतड्याची जुनाट सूज) सुधारला, तेव्हा सांधे आणि आतडे यांचे नाते दिसू लागले होते. तरी आजही कंबर सकाळी आखडते म्हणून रुग्ण हाडांच्या डॉक्टरकडे जातो, डोळा लाल होऊन दुखतो म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे, आणि तिथे शौचाबद्दल कुणी विचारत नाही. काहींना हा त्रास पोटाच्या तक्रारींच्या आधी सुरू होतो. नडगीवरच्या दुखऱ्या लाल गाठी आणि डोळ्याच्या आतली सूज टीबीतही येते, त्यामुळे त्यांवरून निवाडा होत नाही. जुनाट अ‍ॅनिमिया, ठिसूळ हाडे, पायात रक्ताची गुठळी, कोलायटिसमध्ये पित्तनलिका आकसणे, या गोष्टी मात्र विचारून आणि तपासून शोधाव्याच लागतात.

१९९८ नंतर क्रोन्ससाठी इन्फ्लिक्सिमॅबसारखी, प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शने आली आणि चुकीच्या निदानाची किंमत दुसऱ्या बाजूनेही वाढली. २००१ मध्ये या औषधानंतर दबलेला टीबी उफाळल्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. म्हणून आता इंजेक्शनआधी छातीचा एक्स-रे आणि मांटू (त्वचेची) किंवा रक्ताची टीबी चाचणी केली जाते. ती निगेटिव्ह आली तरी भारतात इंजेक्शन सुरू असेतो ताप, खोकला आणि वजनावर नजर ठेवावीच लागते.