नवा कॅमेरा घ्यावा का? उत्तर जुन्या फोटोंत शोधा

नवा कॅमेरा जाहीर झाला की पहिली चौकशी मेगापिक्सेलची होते आणि दुसरी आयएसओची (म्हणजे कमी प्रकाशात चित्र किती उजळवता येतं, त्याच्या आकड्याची). जुना विकून नवा घ्यायचा का, हे ठरवताना या दोन आकड्यांवर विसंबणं महागात पडतं. निकॉनचंच उदाहरण घ्या. झेड-सिक्स टू ऑक्टोबर २०२० मध्ये आला, झेड-सिक्स थ्री जून २०२४ मध्ये. दोन्ही फुलफ्रेम (जुन्या ३५ एमएम फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचे), दोन्ही २४.५ मेगापिक्सेलचे. जाहीर होताना अमेरिकेत नुसत्या बॉडीची (लेन्सशिवाय) किंमत पहिल्याची सुमारे २,००० डॉलर होती, दुसऱ्याची सुमारे २,५००. पिक्सेल तेवढेच असताना वरचे पैसे कशाचे, हे कळलं की अर्धा निर्णय झाला.

ते पैसे मुख्यतः सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, वाचण्याच्या वेगाचे आहेत. इलेक्ट्रॉनिक शटर (पडदा न हलवता, आवाज न करता फोटो घेणं) वापरताना सेन्सरवरचे सगळे पिक्सेल एकदम वाचले जात नाहीत. ओळीमागून ओळ वाचली जाते. झेड-सिक्स टूला अशी पूर्ण फ्रेम वाचायला सुमारे १/२० सेकंद, म्हणजे ५० मिलिसेकंद लागतात. झेड-सिक्स थ्रीच्या सेन्सरमध्ये पिक्सेल असलेल्या भागाच्या वरच्या आणि खालच्या कडेला वेगवान सर्किट्सचा जादा थर चढवला आहे (त्यालाच 'पार्शली स्टॅक्ड' म्हणतात), त्यामुळे तेच काम सुमारे १४ मिलिसेकंदांत होतं.

ढोल-ताशा पथकाचे फोटो काढताना हा फरक डोळ्यांना दिसतो. ढोलावर पडणारं टिपरू सेकंदाला ५ मीटर वेगाने हलतंय आणि त्याने फ्रेमच्या उंचीचा पाचवा भाग व्यापलाय असं समजा. ५० मिलिसेकंदांच्या वाचनात त्या भागाच्या वाट्याला १० मिलिसेकंद येतात, आणि तेवढ्यात टिपरू ५ सेंटीमीटर सरकतं. एक टोक आधीच्या क्षणाचं, दुसरं नंतरच्या क्षणाचं, त्यामुळे सरळ टिपरू फोटोत तिरकं किंवा वाकडं येतं. शटरस्पीड १/२००० सेकंद केला तरी हा दोष जात नाही. प्रत्येक ओळ शार्प येते, पण वेगवेगळ्या क्षणाची. नव्या कॅमेऱ्यात हेच सरकणं दीड सेंटीमीटरच्या आत येतं.

आता यातली मेख बघा. मेकॅनिकल शटरचे पडदे सेन्सरवरून साधारण ४-५ मिलिसेकंदांत जातात. म्हणजे जुन्या झेड-सिक्स टूमधलं मेकॅनिकल शटर हे नव्या कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक शटरपेक्षा जवळजवळ तिप्पट वेगवान आहे! तुम्ही मेकॅनिकल शटरच वापरत असाल, तर वाकड्या टिपऱ्यासाठी नवी बॉडी घेण्याची गरज नाही.

दिव्यांचंही असंच. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. इलेक्ट्रॉनिक शटरवर १/५०० ला फोटो काढला, तर ५० मिलिसेकंदांच्या वाचनात अशा पाच लाटा सापडतात आणि मंडपाच्या फोटोत पाच आडवे पट्टे उमटतात. १४ मिलिसेकंदांत दीडेक पट्टा उरतो. यावर फुकटचा उपाय आहे: शटरस्पीड १/१०० किंवा १/५० ठेवा, म्हणजे प्रत्येक ओळीला पूर्ण लाटा मिळतात आणि पट्टे जातात. स्टेजमागच्या एलईडी वॉलचा वेग मात्र वेगळा असतो, तिथे हा हिशोब चालत नाही.

मग वेगवान सेन्सरचा खरा फायदा कुणाला? ज्यांना शटरचा आवाज चालतच नाही त्यांना, म्हणजे गाण्याची बैठक, नाटकाचा प्रयोग. भिगवणला उडणारे रोहित पक्षी टिपायला सेकंदाला २० रॉ (सेन्सरवरून आलेल्या, प्रक्रिया न केलेल्या) फ्रेम हव्यात त्यांना. आणि व्हिडिओवाल्यांना तर नक्कीच, कारण झेड-सिक्स टू फोर-केमध्ये ६० फ्रेमला चित्र कडेने कापून घेतो, थ्री पूर्ण रुंदीचं देतो. फोकसची मोजणीही त्याच सेन्सरवरून होत असल्याने वेगवान वाचनाचा फायदा ऑटोफोकसला मिळतो.

या वेगाची किंमत चित्रातही मोजावी लागते. आयएसओ १०० ला काढलेल्या निसर्गचित्रात गडद सावल्या उजळवल्या, तर झेड-सिक्स थ्रीमध्ये नॉइज (चित्रातला दाणेदारपणा) जुन्या कॅमेऱ्यापेक्षा थोडा जास्त दिसतो. आयएसओ ८०० च्या पुढे हा फरक जाणवत नाही. सह्याद्रीतले सूर्योदय टिपणाऱ्याने हे आवर्जून लक्षात घ्यावं.

कमी प्रकाशातल्या नॉइजबद्दल बराच गैरसमज आहे. नॉइजचा मोठा भाग कॅमेऱ्याचा नसतो, प्रकाशाचा असतो. एका पिक्सेलवर ४०० प्रकाशकण पडले, तर त्यांतला चढ-उतार वर्गमुळाइतका, म्हणजे २० चा असतो: ५ टक्के. १,६०० पडले तर ४० चा, म्हणजे अडीच टक्के. आजचे चांगले सेन्सर पडलेल्या प्रकाशातला निम्म्याहून अधिक आधीच पकडतात. एकही कण न गमावणारा सेन्सर उद्या आला, तरी त्याच आकारात एक स्टॉपसुद्धा (म्हणजे दुप्पट प्रकाश) पूर्ण मिळणार नाही. याउलट एफ/४ ऐवजी एफ/१.८ ची लेन्स (आकडा लहान, तितकं छिद्र मोठं) लावली की प्रकाश जवळजवळ पाचपट मिळतो. अंधाऱ्या हॉलसाठी पैसे लेन्सवर घाला.

मेगापिक्सेलचा हिशोब तर सरळ आहे. लग्नाच्या १२ बाय ३६ अल्बमचं एक पान १२ बाय १८ इंचांचं. इंचाला ३०० ठिपके धरले तर ३,६०० बाय ५,४०० पिक्सेल लागतात, म्हणजे १९.४ मेगापिक्सेल. २४ मध्ये ते निघतं. २४ वरून ३३ वर गेलात तरी लांबी-रुंदीत तपशील १७ टक्केच वाढतो.

आता तपासणी. मागच्या वर्षभरात फुकट गेलेले शंभरेक फोटो काढा आणि प्रत्येक १०० टक्के मोठा करून बघा. फ्रेममधलं सगळंच एका दिशेने फराटलेलं असेल तर हात हलला. झेड-सिक्स थ्रीचं स्टॅबिलायझेशन (हाताचा हलका कंप सावरण्याची सोय) ८ स्टॉपचं आहे, टूचं ५, तिथे फायदा होईल. मागची भिंत शार्प आणि धावणारं मूल पुसट असेल, तर शटरस्पीड कमी पडला. स्टॅबिलायझेशन कितीही चांगलं असो, ते मुलाला थांबवत नाही. डोळ्याऐवजी कान शार्प असेल तर फोकस चुकला, आणि इथे नवी बॉडी खरोखर मदत करते. ढीग कुठला मोठा, ते मोजा. फोकसचा ढीग निम्म्याहून मोठा असेल तर नव्या कॅमेऱ्याचा विचार करा. शटरस्पीडचा मोठा असेल तर आयएसओ वाढवून शटरस्पीड वाढवा, खर्च शून्य.

फोकसबाबतही फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर, आधी बघावं. निकॉनच्याच झेड-एटला पक्षी ओळखण्याची स्वतंत्र सोय फेब्रुवारी २०२४ च्या फर्मवेअरने मिळाली, एक रुपयाही न देता.

बॉडीच्या किमतीत न दिसणारे खर्चही धरा. सेकंदाला २० फ्रेम आणि एका रॉ फाइलचे ३० एमबी धरले तर सेकंदाला ६०० एमबी होतात. यूएचएस-टू (वेगवान प्रकारच्या) एसडी कार्डाची कमाल मर्यादाच सेकंदाला ३१२ एमबी आहे. बफर (कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण) भरतो आणि कॅमेरा ऐन वेळी मंदावतो. तो वेग टिकवायचा तर सीएफएक्सप्रेस टाइप-बी (आणखी वेगवान) कार्ड लागतं. डीएसएलआरवरून (आरसा असलेल्या जुन्या कॅमेऱ्यावरून) येणाऱ्यांनी लेन्सही बघाव्यात: बॉडीतल्या मोटरवर चालणाऱ्या ५० एमएम एफ/१.८ डी सारख्या लेन्स एफटीझेड अडॅप्टरवर (जुनी लेन्स नव्या बॉडीला जोडणाऱ्या जोडावर) बसतात, पण ऑटोफोकस करत नाहीत.

एवढं करूनही मन होत असेल, तर कॅमेरा एक दिवस भाड्याने आणा. स्वतःची लेन्स आणि स्वतःचं कार्ड लावा, नेहमीच्याच हॉलमध्ये नेहमीच्याच दिव्यांखाली रॉमध्ये दोनशे फोटो काढा. रात्री ते आपल्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. जुनं सॉफ्टवेअर नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल बहुधा ओळखतच नाही, आणि ते बॉडी विकत घेण्याआधी कळलेलं बरं.