निमित्त म्हणजे कारण नव्हे

कथेत आत्महत्येच्या प्रयत्नाचे साधन आणि कृती तपशिलाने वर्णू नये, हे बहुतेक लेखकांना आता ठाऊक असते. कायद्याचेही तसेच: २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ११५ असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरते, त्यामुळे आजच्या काळातल्या कथेत रुग्णाला तुरुंगाची भीती घालणारा फौजदार आणू नये, एवढे पुरे.

खरी गल्लत होते ती निमित्त आणि कारण यांत, आणि ती वाचून मी थकलो आहे. बँकेची नोटीस येते, बारावीचा निकाल लागतो, लग्न मोडते, ही निमित्ते झाली. विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यावरच्या कथेत पहिल्या पानावर नोटीस आणि शेवटच्या पानावर प्रयत्न असतो, पण मधली माणसाची पाने कोरीच राहतात. तो रोज पहाटे तीनला जागा होतो, खताच्या दुकानासमोरून जाणे टाळून लांबची वाट धरतो, मुलीच्या फीचा विषय निघाला की ताटावरून उठतो आणि ‘मी नसलो तर यांचे सुटेल’ हा विचार त्याला हळूहळू हिशेबासारखा चोख वाटू लागतो. कारण शोधायचे ते इथे. शेवटी चिठ्ठी सापडते आणि तिच्यात सगळा उलगडा असतो, ही युक्ती तर मला मुळीच मान्य नाही. ज्याचा शोध कथेने घ्यायचा, ते ती चिठ्ठीवर सोपवून मोकळी होते.

‘नोटीस आली म्हणून’ एवढेच सांगणारी कथा तशीच नोटीस हातात असलेल्या वाचकाला पुढची पायरी दाखवते. शेवटी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक जरूर छापावा, पण तेवढ्याने कथेतला ‘म्हणून’ पुसला जात नाही.

प्रयत्नातून वाचलेली बहुसंख्य माणसे पुढे आत्महत्येने मरत नाहीत, आणि त्यांच्यापैकी अनेकांचे निमित्त मात्र जागेवरच असते. वॉर्डातून घरी आलेल्या त्या शेतकऱ्याच्या कपाटातही नोटीस तशीच आहे. शेजारी ‘काय कमी होते तुला?’ असे विचारून जातात, तो उत्तर देत नाही. रात्री बायको न विचारता त्याच्या खाटेशेजारी चटई टाकते, आणि पहाटे तीनला तो जागा होतो तेव्हा तीही जागीच असते. कथा मला तिथून वाचायची आहे.