स्वयंसिंचन कुंडी आणि तिचे माध्यम

स्वयंसिंचन कुंडी म्हणजे तळाशी पाण्याची टाकी असलेली आणि झाडाला लागेल तसे पाणी खालून वर मिळू देणारी कुंडी. नर्सरीत आणि बागप्रेमींच्या बोलण्यात ‘सेल्फ वॉटरिंग पॉट’ हेच नाव रूढ आहे. या नावामुळे एक गैरसमज मात्र होतो. कुंडी स्वतः पाणी घालत नाही, ती फक्त पाणी साठवते. ते वर चढवून मुळांपर्यंत नेण्याचे काम कुंडीत भरलेले माध्यम, म्हणजे माती किंवा तिच्याऐवजी वापरलेले मिश्रण, करते. महागडी कुंडी आणून तिच्यात अंगणातली माती भरली की महिनाभरात झाड पिवळे पडते आणि दोष कुंडीला दिला जातो. म्हणून आधी माध्यम ठरवावे आणि मग त्याला साजेशी कुंडी घ्यावी.

झाडाला सावकाश, थेंबाथेंबाने पाणी देण्याची रीत आपल्याला नवी नाही. वैशाखात शंकराच्या पिंडीवर गळती टांगतात, ती याच विचाराची. जमिनीत मडके पुरून त्याच्या सच्छिद्र अंगातून पाणी झिरपू देण्याची मटका सिंचनाची पद्धत चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी नोंदलेली आहे. गळतीत पाणी वरून येते आणि मडक्यात बाजूने. स्वयंसिंचन कुंडीत ते खालून वर येते, आणि निवडीचे सगळे प्रश्न या उलट्या दिशेतून निर्माण होतात.

पाणी वर कसे चढते

समईतले तेल वातीतून ज्योतीपर्यंत चढते, तेच केशाकर्षण इथेही असते. नळी जितकी बारीक तितके पाणी उंच जाते : १ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत ते सुमारे ३ सेंटिमीटर चढते आणि ०.१ मिलिमीटरच्या नळीत सुमारे ३० सेंटिमीटर. माध्यमातल्या कणांमधली छिद्रे म्हणजे अशा असंख्य वेड्यावाकड्या नळ्याच. छिद्रे फार मोठी असली, जशी खडीत किंवा जाड वाळूत असतात, तर पाणी दोन-चार बोटांवरच थांबते. फार बारीक असली तर ते उंच चढते, पण प्रत्येक छिद्र पाण्याने भरून जाते आणि मुळांना हवा उरत नाही. मुळे श्वास घेतात. हवा नसलेल्या ओलीत ती तपकिरी, मऊ होतात आणि कुजतात.

साध्या कुंडीतही पाणी निथळून गेल्यावर तळाशी ओलीचा एक थर राहतोच. पण झाड ते पाणी पिते, दोन दिवसांत थर सुकतो आणि हवा आत येते. स्वयंसिंचन कुंडीत टाकी रिकामी होईपर्यंत हा थर कायम भरलेला असतो. त्यामुळे साध्या कुंडीत चालून जाणारे माध्यम इथे चालत नाही. पाणी पुरेसे चढावे आणि ओलीतही माध्यमाच्या आकारमानाचा साधारण पाचवा हिस्सा हवा राहावी, अशा दोन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या असतात.

माध्यम

दख्खनची काळी माती या कामाला सर्वांत वाईट. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, हवा कोंडते आणि टाकी रिकामी राहिली की आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली जाते आणि मुळांचा गोळा कोरडाच राहतो. नर्सरीतली लाल माती दिसायला भुसभुशीत असते, पण भिजून बसली की तीही घट्ट होते. शिवाय वजन आहेच. ओल्या मातीचे लिटरला दीड ते दोन किलो भरतात, तर कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, मिश्रणाचे साधारण निम्मे. बाल्कनीत आठ-दहा कुंड्या ठेवणाऱ्याने हा हिशेब जरूर करावा.

आपल्याकडे या कुंड्यांचा पाया कोकोपीटच असतो. ते म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्या काढताना उरणारा भुसा. केरळ आणि तमिळनाडूतल्या काथ्या उद्योगातून त्याच्या दाबलेल्या विटा सगळीकडे जातात. ६५० ग्रॅमची वीट भिजून आठ-नऊ लिटर होते, ५ किलोचा ठोकळा सत्तर लिटरच्या आसपास. कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरते, वाळले तरी सहज पुन्हा भिजते आणि पाणी चांगले वर चढवते.

त्याच्यात दोन खोटी आहेत. पहिली खारटपणाची. सोडणे खाडीच्या किंवा मचूळ पाण्यात भिजवलेली असतील तर भुशात मीठ राहते. वीट बादलीत फुलवून, पाणी चहासारखे तांबूस येणे थांबेपर्यंत तीन-चार वेळा बदलून धुतली पाहिजे. पाकिटावर ‘वॉश्ड’ लिहिलेले असले तरी एकदा धुवावे, कारण उलट्या सिंचनात मीठ बाहेर जायला वाटच नसते. दुसरी खोट डोळ्यांना दिसत नाही. कोकोपीटच्या कणांना पोटॅशियम आणि सोडियम चिकटलेले असते. हे दोन्ही सोडून देऊन कण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतःकडे ओढून घेतात, आणि झाडाला ती अन्नद्रव्ये कमी पडतात. टोमॅटोच्या फळाचा खालचा भाग काळा पडून बसतो, त्यामागे पुष्कळदा हे कॅल्शियमचे अडणे असते. धुतलेले कोकोपीट कॅल्शियम नायट्रेटच्या सौम्य द्रावणात रात्रभर भिजवून निथळले तर हा त्रास टळतो.

नुसते कोकोपीटही पुरत नाही. सहा महिन्यांत ते खाली बसते. हवेसाठी परलाइट मिसळतात. तो ज्वालामुखीची काच प्रखर उष्णतेने लाहीसारखी फुलवून केलेला असतो. हाताळताना त्याची बारीक धूळ उडते, म्हणून आधी पाणी शिंपडावे. परलाइट महाग वाटत असेल तर कोकणात आणि भाताच्या पट्ट्यात सहज मिळणारा तुसाचा कोळसा किंवा चाळून धूळ काढलेला विटांचा चुरा उत्तम. साधारण निम्मे कोकोपीट, तीस टक्के परलाइट किंवा तूस-कोळसा आणि वीस टक्के चाळलेले गांडूळखत, असे आकारमानाने घेतलेले मिश्रण बहुतेक भाज्यांना आणि पानांच्या झाडांना मानवते. खत याहून जास्त घालण्याचा मोह आवरावा. गांडूळखताचे बारीक कण खाली जाऊन छिद्रे बुजवतात. निंबोळी पेंड किंवा कच्चे शेणखत तळाशी गेले तर टाकीला कुबट वास येतो आणि कुंडीभोवती चिलटे घोंगावू लागतात.

माध्यम जमले की नाही, हे मुठीत घेऊन कळते. ओले मिश्रण दाबल्यावर बोटांच्या फटीतून दोन-चार थेंबच यावेत आणि मूठ उघडल्यावर गोळा अंगठ्याच्या टोचणीने फुटावा. धार लागली तर हवा कमी आहे. गोळा बांधलाच जात नसेल तर पाणी चढणार नाही.

घरातल्या शोभेच्या झाडांसाठी भाजलेल्या मातीच्या गोळ्या किंवा प्यूमिस हा ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड व झिओलाइट हे खनिज यांचे खडे वापरण्याची दुसरी वाट आहे. प्लेमोबिल खेळणी बनवणाऱ्या जर्मन कंपनीच्या लेचुझा कुंड्यांबरोबर असेच खनिज माध्यम मिळते. ते कुजत नाही, बसत नाही आणि वर्षानुवर्षे टिकते. त्यात अन्न मात्र जवळजवळ नसते, सगळे खतातून द्यावे लागते. शिवाय पाणी फार उंच चढत नसल्याने बुटकी कुंडीच हवी.

कुंडीचे प्रकार

सर्वांत साधी वातीची कुंडी. आतल्या कुंडीच्या भोकातून दोरी खाली टाकीत सोडलेली असते. सुती नाडी किंवा कंदिलाची वात सुरुवातीला झकास पाणी ओढते, पण सतत ओली राहून काही महिन्यांत कुजते आणि तुटते. नायलॉनची किंवा अ‍ॅक्रिलिकची विणलेली दोरी टिकते. मात्र बाजारातली प्रत्येक प्लास्टिकची दोरी पाणी ओढत नाही. दोरीचे टोक शाईच्या पाण्यात बुडवून अर्ध्या तासाने पाहावे. रंग चार-सहा बोटे चढला नसेल तर ती दोरी निरुपयोगी. वात माध्यमात आडवी पसरावी. सरळ उभी ठेवली तर तिच्या भोवतालचेच माध्यम ओले होते. ही पद्धत लहान झाडांना चांगली. मोठ्या झाडाची तहान वातीने भागत नाही.

दुसऱ्या प्रकारात मध्ये जाळीदार तळ असतो आणि त्यातून माध्यमाने भरलेला एक पाय टाकीत बुडालेला असतो. तळ आणि पाणी यांच्यामध्ये बोटभर मोकळी जागा असते. ती वाया गेलेली जागा नव्हे, मुळांना खालून हवा तिथूनच मिळते. फ्लोरिडातला अर्थबॉक्स याच धर्तीचा आहे आणि रंगाची २० लिटरची रिकामी, स्वच्छ धुतलेली बादली घेऊन घरीही असे करता येते. भाज्यांसाठी हाच प्रकार घ्यावा.

तिसऱ्या प्रकारात झडपेचा ट्रे असतो. झडप ट्रेमध्ये दोन सेंटिमीटर पाणी घेते आणि झाडाने ते संपवल्यावरच पुन्हा उघडते. मधल्या काळात माध्यमाला श्वास घेता येतो, म्हणून तत्त्वतः हा प्रकार सर्वांत चांगला. कचरा अडकून झडप बसली तर झाड उपाशी राहते; तेवढी देखरेख हवी.

कुंडी कोणतीही असो, बाजूला अतिरिक्त पाण्याचे भोक हवेच. मुंबईत जून ते सप्टेंबर २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उघड्या बाल्कनीत भोक नसलेली कुंडी म्हणजे झाडाचे तळे. टाकी अपारदर्शक हवी, नाही तर शेवाळ येते. रंग फिका हवा, कारण पश्चिमेच्या उन्हात काळे प्लास्टिक तापते आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो : २० अंश सेल्सिअसला लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम, ३५ अंशांना सुमारे ७. पाणी भरण्याच्या नळीवर बारीक जाळी बसवावी. डेंग्यूचा एडिस डास अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठवड्या-दहा दिवसांत तयार होतो. त्याची अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटून कोरडी असतानाही कित्येक महिने जगतात, म्हणून पाणी बदलताना टाकी आतून घासावी.

टाकी केवढी, हे झाडावर ठरते. फळे धरलेला टोमॅटो उन्हाळ्यात दिवसाला एक ते दोन लिटर पाणी पितो. ४ लिटरची टाकी त्याला दोन-चार दिवसच पुरते. मे महिन्यात आठवडाभर गावी जाताना टोमॅटोसाठी एवढ्या टाकीवर भिस्त ठेवू नये. तेवढेच पाणी सावलीतल्या मनीप्लांटला दोन-तीन आठवडे पुरते.

झाडे आणि निगा

पालक, पुदिना, अळू, मिरची, टोमॅटो, पीस लिली, फर्न यांना ही कुंडी आवडते. कोरफड, निवडुंग, अडेनियम, बोगनवेल, स्नेक प्लांट यांना नको. त्यांना दोन पाण्यांमध्ये कोरडेपणा लागतो. तुळशीचा प्रश्न घरोघरी विचारला जातो. तुळशीला पाणी लागते, पण पाय सतत ओले चालत नाहीत, आणि पावसाळ्यात तर मुळीच नाही. तिला वृंदावनात किंवा साध्या मातीच्या कुंडीतच ठेवावे.

नवे रोप लावताना नर्सरीच्या लाल मातीचा गोळा हलक्या हाताने सैल करून बरीचशी माती झटकावी. घट्ट गोळा तसाच राहिला तर मुळे बाहेरच्या मिश्रणात यायला कुचरतात. पहिले दोन-तीन आठवडे पाणी वरूनच द्यावे. मुळे खाली उतरली की मगच टाकी भरावी. पुढेही टाकी अधूनमधून एक-दोन दिवस रिकामी राहू द्यावी.

पाणी खालून वर जाते आणि वरून उडून जाते. त्यातले क्षार मात्र वरच्या थरात साठतात. बोअरच्या जड पाण्यावर दोन-तीन महिन्यांतच पांढरी पापडी धरते. ती खरवडून, कुंडी न्हाणीघरात नेऊन टाकी उघडी ठेवावी आणि वरून भरपूर पाणी ओतून सगळे माध्यम धुऊन काढावे. पावसाळ्यात हे काम पाऊसच करतो. कोकोपीटचे मिश्रण साधारण दीड वर्षात कुजून दोन-तीन इंच खाली बसते. तेव्हा झाड काढून निम्मे माध्यम नवे घालावे. जुने साध्या कुंडीत मातीबरोबर मिसळून वापरता येते.