ढोल-ताशाचा व्हिडिओ इतका जड का होतो?

अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर वाजवणाऱ्या आमच्या पथकाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ घ्या. सोबत एका घरगुती मैफलीचा घ्या, तोही दहा मिनिटांचाच. दोन्ही सारख्याच सेटिंगवर एन्कोड केले, म्हणजे दाबून लहान केले, तर पथकाची फाइल कित्येक पट मोठी निघते. दरवर्षी पथकातलं कुणीतरी विचारतं, सेटिंग चुकलं का? चुकलेलं काहीच नसतं.

फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे जवळपास २०.७ लाख पिक्सेल असतात. पिक्सेलला तीन बाइट आणि सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर सेकंदाचे १५५ एमबी आणि तासाचे ५६० जीबी होतात. एवढं कुणीच साठवत नाही. हे दाबायचं काम करणारा प्रोग्राम, म्हणजे एन्कोडर, आधी पुनरुक्ती शोधतो. मैफलीत मागची भिंत, तंबोरा, सतरंजी जागच्या जागी असतात, त्यामुळे ‘मागच्या फ्रेममधलंच उचल’ एवढं लिहिलं की भागतं. मिरवणुकीत ध्वज फडफडतो, पाकळ्या उडतात, ढोलावरचे हात एका क्षणात कुठल्या कुठे जातात. त्यात रात्रीच्या उजेडात कॅमेऱ्याने आणलेली दाणेदार खळबळ असते. तिची तर कशाशीच जुळणी होत नाही.

जे जुळत नाही, त्याचं गणिती रूपांतर होतं. ते मांडलं बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी, टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत, १९७४ मध्ये. जेपेग फोटोपासून आजच्या व्हिडिओपर्यंत त्याचीच रूपं वापरात आहेत, आणि आपल्याकडे हे नाव किती कमी जणांना माहीत आहे याचं मला वाईट वाटतं. रूपांतरानंतर आकडे ढोबळ केले जातात. डोळ्याला सहसा न जाणवणारा बारीक तपशील इथे कायमचा जातो.

किती ढोबळ करायचं, हे ठरवतो सीआरएफ नावाचा दर्जाचा आकडा. एक्स२६४ या मोफत एन्कोडरमध्ये हा आकडा ० ते ५१ असतो, ठरवलेला नसेल तर २३. आकडा सहाने वाढवला की फाइल साधारण निम्मी होते.

दुसरी कळ प्रीसेटची, म्हणजे एन्कोडरने किती वेळ घ्यायचा याची, अल्ट्राफास्टपासून व्हेरीस्लोपर्यंत. ‘स्लो’ म्हणजे जास्त चांगलं चित्र, असा समज सगळीकडे आहे. खरं तर सीआरएफ तोच ठेवला, तर स्लोमध्ये चित्र जवळपास तेच राहतं आणि फाइल बहुधा लहान होते. अप्पा बळवंत चौकात पुस्तक घ्यायला गेल्यासारखंच आहे हे. पहिल्याच दुकानात घेतलं तर वेळ वाचतो, पैसे जास्त जातात. चार दुकानं फिरलात तर तेच पुस्तक स्वस्तात मिळतं. दहाव्या दुकानानंतर मात्र फक्त पाय दुखतात. व्हेरीस्लोचं तसंच आहे. फोनला तर फिरायला वेळच नसतो, दृश्य घडतानाच लिहून टाकावं लागतं, म्हणून फोनच्या फाइली फुगलेल्या असतात.

मी चाचणीसाठी सगळ्यात अवघड अर्धा मिनिट निवडतो. आमच्याकडे तो ठरलेला आहे, अलका चौकातला, रात्रीचा. मीडियम प्रीसेटवर तो २०, २२ आणि २४ सीआरएफला काढायचा, टीव्हीवर बघायचा, आणि फरक दिसत नाही तो सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. मग प्रीसेट स्लो करून पूर्ण व्हिडिओ रात्रभर लावून द्यायचा.

फाइल ठरावीक मापात बसवायची असेल, तर सीआरएफ सोडून टू-पास पद्धत घ्यावी. दोन तासांचा कार्यक्रम ४ जीबीत हवा, तर ४ जीबीचे ३२,००० मेगाबिट (एका बाइटचे आठ बिट) ७,२०० सेकंदांनी भागा. सेकंदाला सुमारे ४.४ मेगाबिट मिळतात, आवाजासकट. एन्कोडर आधी एक फेरी मारून अवघड जागा हेरतो आणि दुसऱ्या फेरीत तिथे जास्त बिट देतो.

एक्स२६४ ज्या प्रकारची फाइल बनवतो, त्या २००३ च्या एच.२६४ नंतर २०१३ मध्ये एचईव्हीसी हा नवा प्रकार आला, २०१८ मध्ये एव्ही१. जागा कमी लागते, वेळ जास्त. तरी आजीच्या जुन्या टीव्हीवर लावायचं असेल तर मी एच.२६४ च देतो.

मूळ फाइल मात्र पुसू नका. प्रत्येक नव्या एन्कोडिंगमध्ये उरलेल्यातलं आणखी काही जातं. आमच्या पथकाच्या पहिल्या वर्षाचा व्हिडिओ आज फक्त पुन्हापुन्हा दाबून लहान केलेल्या रूपात उरला आहे. त्यात ध्वज ओळखू येतो, ताशा वाजवणाऱ्यांचे चेहरे ओळखू येत नाहीत.