सरकारी ऑफिसला लाकडी फ्रेम पुरवायच्यात? गोव्यातल्या छोट्या धंदेवाल्यांनी अर्ज कसा करायचा, कागद काय लागतात

मानपत्रं, रिटायर होणाऱ्यांचे फोटो, जुने नकाशे, राष्ट्रपुरुषांच्या तसबिरी, सरकारी ऑफिसं काही ना काही फ्रेम करून घेतच असतात. आणि गोव्यात केंद्राची ऑफिसं काय कमी नाहीत, वास्कोला गोवा शिपयार्ड, मुरगाव बंदर, दाबोळीला नौदलाचा तळ, जुन्या गोव्यात पुरातत्त्व खातं, शिवाय पोस्ट, कस्टम्स वगैरे. फोंडा, डिचोली, म्हापसा, कुडचडे इथले मेस्त म्हणजे सुतार आणि फ्रेमवाले इतकं सुंदर काम करतात, पण सरकारी काम आपल्याला कुठे मिळणार म्हणून बरेचजण अर्जच करत नाहीत. हे मला मनापासून खटकतं, कारण यातले नियम खरंतर छोट्यांच्या बाजूचे आहेत.

मूळ नियम म्हणजे केंद्राचं सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीचं सार्वजनिक खरेदी धोरण, २०१२ चं. केंद्राची मंत्रालयं, खाती आणि सरकारी कंपन्या यांनी वर्षाच्या एकूण खरेदीतली किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची असं त्यात आहे, आधी हे प्रमाण २० टक्के होतं. या २५ मधले ४ टक्के एससी-एसटी मालकांसाठी आणि ३ टक्के महिला मालकांसाठी, त्यामुळे धंदा घरातली बाई खरोखर चालवत असेल तर तो तिच्याच नावावर असू दे. टेंडरचे कागद फुकट मिळतात आणि ईएमडी म्हणजे अनामत भरावी लागत नाही. शिवाय ३५८ वस्तू अशा आहेत ज्या फक्त छोट्या उद्योगांकडूनच घ्यायच्या, त्या यादीत लाकडी खुर्च्या, खोके, शेल्फ अशा बऱ्याच लाकडी वस्तू आहेत, फ्रेमसोबत असलं काम करत असाल तर ती यादी जरूर बघा.

सगळ्यात कामाची सवलत म्हणजे १५ टक्क्यांची. समजा सगळ्यात कमी दर एका मोठ्या कंपनीने दिला, फ्रेमला ८०० रुपये, आणि तुमचा दर ९०० आहे. ८०० वर १५ टक्के धरले की ९२० होतात, तुम्ही त्याच्या आत आहात, म्हणून तुम्हाला विचारलं जातं की ८०० ला देणार का. हो म्हटलं तर ऑर्डरचा २५ टक्के भाग तुम्हाला मिळू शकतो, आणि ऑर्डर तोडण्यासारखी नसेल तर पूर्ण ऑर्डरसुद्धा. पण ८०० ला परवडतं का याचा हिशोब आधीच करून ठेवा, ऐनवेळी हो म्हणून नंतर हलकं लाकूड लावणं हा मार्ग नाही.

आता पात्रता. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची केंद्राकडची नोंदणी, पाहिजेच, ते ऑनलाईन आहे आणि पूर्ण फुकट आहे, कोणी हजार-दोन हजार मागत असेल तर देऊ नका. आधार, पॅन आणि असेल तर जीएसटी नंबर एवढ्यावर होतं, कागद अपलोड करायचे नसतात, राज्याच्या योजनांना लागतो तसला १५ वर्षांचा रहिवासी दाखला इथे लागत नाही. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असली तरी तुम्ही सूक्ष्म उद्योगातच बसता, म्हणजे आपल्याकडचे जवळजवळ सगळेच फ्रेमवाले त्यात आले. अडलात तर पणजीच्या उद्योग खात्यात किंवा मडगावला कोकण रेल्वे स्टेशनसमोरच्या केंद्राच्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) ऑफिसात जाऊन विचारा.

पण एक गोष्ट नीट वाचा, बरेचजण इथेच बाद होतात. उद्यम भरताना मुख्य काम उत्पादन लिहा, ट्रेडिंग नको. ट्रेडिंगवाल्याला उद्यम सर्टिफिकेट मिळतं पण या खरेदी धोरणाचे फायदे मिळत नाहीत, अनामतीची माफी पण नाही आणि १५ टक्के पण नाही. तुम्ही पट्टी कापता, सांधता, पॉलिश करता, म्हणजे तुम्ही उत्पादकच आहात, मग त्या फॉर्ममध्ये कामाचा कोड निवडताना लाकूड आणि लाकडी वस्तूंच्या १६ नंबरच्या विभागातला घ्या, ३१ नंबरचा विभाग फर्निचरचा आहे. तयार फ्रेम बाहेरून आणून विकत असाल तर मात्र उत्पादक म्हणून लिहू नका, ते खोटं डिक्लेरेशन होतं आणि पकडलं गेलं तर ब्लॅकलिस्ट व्हाल.

यानंतर जेम, म्हणजे सरकारचं ऑनलाईन खरेदी पोर्टल, २०१६ पासून चालू आहे आणि केंद्राची खाती आता बहुतेक सामान तिथूनच घेतात. खातं स्वतः मालकाच्या नावाने उघडायचं, आधारला लिंक असलेला मोबाईल, पॅन, बँक खातं आणि उद्यम नंबर जवळ ठेवायचा. आपल्याकडे हमखास अडकतं ते आडनावावर, कारण आधारवर एक स्पेलिंग असतं आणि पॅनवर जुन्या पोर्तुगीज पद्धतीचं दुसरंच, ते आधी एकसारखं करून घ्या नाहीतर व्हेरिफिकेशन पुढे सरकतच नाही. बिडच्या (जेमवरच्या टेंडरच्या) वेळी आयटी रिटर्न, सीएचं उलाढालीचं सर्टिफिकेट, आधीच्या ऑर्डरच्या कॉपी आणि माल भारतात किती टक्के बनलाय याचं डिक्लेरेशन मागतात, ५० टक्के किंवा जास्त असेल तर तुम्ही पहिल्या वर्गातले स्थानिक पुरवठादार. अनुभव आणि उलाढालीची अट छोट्या उद्योगांना शिथिल करता येते, पण तसं त्या बिडमध्ये लिहिलेलं आहे का ते बघा. फ्रेमचा एचएसएन, म्हणजे जीएसटीसाठीचा वस्तूचा कोड, ४४१४, जीएसटीचा दर मात्र अकाउंटंटला विचारून टाका कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांचा स्लॅब गेलाय.

मापाने बनवायच्या फ्रेम बऱ्याचदा रेडीमेड कॅटेगरीत बसत नाहीत, मग ऑफिस कस्टम बिड काढतं आणि सोबत स्पेसिफिकेशनची पीडीएफ जोडतं. ती पीडीएफ ओळ न ओळ वाचा. नुसतं 'साईज १८ × २४ इंच' लिहिलेलं असेल तर ते चित्राचं माप की फ्रेमचं बाहेरचं माप? दीड इंची पट्टी आणि आत पाव इंच खाच धरली तर चित्र १८ × २४ असताना बाहेरचं माप साडेवीस बाय साडेसव्वीस होतं, म्हणजे एका फ्रेमला ९४ इंच पट्टी. तेच माप बाहेरचं असेल तर ८४ इंच. एका फ्रेममागे १० इंच, शंभर फ्रेमला ८३ फुटांच्या वर फरक, काच आणि मागचा बोर्ड वेगळाच. म्हणून बिड निघाल्याबरोबर पोर्टलवरूनच लेखी विचारा, फोनवर कोणी सांगितलं त्यावर दर लावू नका. तसंच लाकूड कुठलं, काच की ॲक्रिलिक, माउंट आहे का, मागे प्लाय की एमडीएफ, हुक कोण लावणार हे पण. आपल्या पावसात एमडीएफ फुगतो आणि काचेच्या आत बुरशी धरते, तेव्हा मागून नीट सील करण्याचा खर्च दरात धराच. लाकूड घेतल्याची पावती जपून ठेवा, सागवान लिहून दिलंत तर सागवान कुठून आणलं हे दाखवता आलं पाहिजे.

अनामत माफ असली तरी ऑर्डर मिळाल्यावरची परफॉर्मन्स सिक्युरिटी, म्हणजे काम नीट पुरं करण्याच्या हमीची रक्कम, माफ नसते, बिडमध्ये मागितली असेल तर साधारण ऑर्डरच्या ३ ते ५ टक्के, बँकेशी आधी बोलून ठेवा.

राज्य सरकारचं वेगळं आहे. केंद्राचं धोरण गोवा सरकारच्या खात्यांवर आपोआप लागू होत नाही, तिथे राज्याच्या ई-टेंडर पोर्टलवर डिजिटल सही घेऊन उतरावं लागतं आणि सवलती त्या त्या टेंडरच्या अटींप्रमाणे, गृहीत काही धरू नका. पणजीच्या हस्तकला महामंडळात पण चौकशी करून या. एकटेच सुतारकाम करणाऱ्यांनी केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेत नाव घालावं, त्यातल्या १८ व्यवसायांत सुतार आहे आणि अवजारांना १५ हजारांपर्यंत मदत मिळते.

माल पोचवल्यावर ऑफिसने ४८ तासांत तात्पुरती पोच आणि १० दिवसांत स्वीकृतीचं सर्टिफिकेट जेमवर काढायचं असतं, त्यानंतर १० दिवसांत पैसे. फ्रेम उतरवताना तिथल्या माणसासमोर मोजून, काचेचे फोटो काढून द्या, नंतर तडा गेला म्हणून माल परत यायला नको. ऑर्डर अडीच लाखांच्या वर असेल तर २ टक्के जीएसटी टीडीएस कापतात, ते पैसे बुडत नाहीत, तुमच्या जीएसटी लेजरला जमा होतात. तरीही बिल अडकलं तर एमएसएमई कायदा २००६ प्रमाणे ४५ दिवसांच्या वर कोणी पैसे ठेवू शकत नाही, ठेवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाईन टाकायची, ऑर्डर, बिल आणि स्वीकृतीचं सर्टिफिकेट जोडायचं. तिथे उद्यमची तारीख पण बघतात, त्यामुळे ते पहिल्या ऑर्डरच्या आधीच काढून ठेवा.