धर्मादाय रुग्णालयातली खाट ही कुणाची मेहेरबानी नाही

महाराष्ट्रात एक समज वर्षानुवर्षं चालत आलाय: धर्मादाय रुग्णालयात गरिबाला सवलत मिळते ती ट्रस्टींच्या मर्जीने, नाहीतर आमदाराच्या चिठ्ठीने. प्रत्यक्षात ती कायद्याने बांधलेली आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम 41 कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेली योजना, या दोन्हींमुळे अशा रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी, म्हणजे निर्धनांहून थोडं जास्त उत्पन्न असलेल्यांसाठी, सवलतीत ठेवाव्या लागतात. म्हणजे ‘20 टक्के खाटा फुकट’ असं जे सर्रास म्हटलं जातं, तेही अर्धसत्यच.

मग पैसा येतो कुठून? इथेच खरी मेख आहे. बाकीच्या रुग्णांच्या बिलाच्या 2 टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ या वेगळ्या खात्यात टाकायची आणि त्यातून हा खर्च भागवायचा. थोडक्यात, पूर्ण बिल भरणारा रुग्णच शेजारच्या खाटेला हातभार लावतो, आणि बहुतेकदा त्याला ते ठाऊकही नसतं! शिवाय ट्रस्ट म्हणून मिळणाऱ्या करसवलती असतातच.

तातडीच्या वेळी अनामत रक्कम मागता येत नाही. आधी दाखल करून घ्यायचं. एरवी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका जवळ ठेवा. नकार मिळालाच तर तक्रार धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे करायची.